वाटी भरलेली, तरी पक्षी रोडावतोय

पत्र: आमच्याकडे पिकू नावाचा चार वर्षांचा कॉकटील (तुरेवाला छोटा पोपट) आहे. परवा आंघोळीनंतर पिसं ओली असताना त्याच्या छातीचं हाड अगदी धारेसारखं वर आलेलं दिसलं. स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन केलं तर ७४ ग्रॅम भरलं. मागच्या वर्षी नखं कापायला नेलं होतं तेव्हा डॉक्टरांनी ९२ ग्रॅम लिहून दिलं होतं. तो खात नाही असं म्हणावं तर वाटीवर दिवसभर बसलेला असतो आणि वाटीही कायम भरलेली असते. आवडतात फक्त सूर्यफुलाच्या बिया, बाकी धान्य उडवून टाकतो. पाच महिन्यांपूर्वी त्याला सोबत म्हणून किकी ही मादी आणली, ती त्याच पिंजऱ्यात आहे आणि गुटगुटीत आहे. ओळखीचे लोक सांगतात, शेंगदाणे आणि लोणी द्या, पिल्लांचं पातळ खाद्य सिरिंजने भरवा, आठवड्यात भरून येईल. दुसरे म्हणतात, बिया बंद करून एकदम पेलेटवर (पक्ष्यांच्या तयार गोळीवजा खाद्यावर) आणा. मला भीती वाटते आहे. नेमकं काय खायला घालू? पिकूची आई

उत्तर:

पिकूच्या आई, तुम्ही पिसांच्या आतलं हाड पाहिलंत आणि लगेच काटा काढलात, हे फार चांगलं केलंत. पुष्कळ पक्षी रोडावत जातात आणि घरच्यांना पत्ता लागत नाही, कारण वरून पिसं तितकीच गुबगुबीत दिसतात. शिवाय पक्षी आजार लपवतात. रानात थकलेला पक्षी शिकाऱ्याच्या नजरेत पहिल्यांदा भरतो, म्हणून अंगात त्राण असेपर्यंत तो ठणठणीत असल्यासारखाच वावरतो. आजार आपल्याला दिसू लागतो तेव्हा तो बराच जुना झालेला असतो.

तुमचा प्रश्न आहे, काय खायला घालू. त्याआधीचा प्रश्न आहे, वजन कशामुळे उतरलं. ९२ वरून ७४ म्हणजे १८ ग्रॅम गेले, जवळजवळ पाचवा हिस्सा. साठ किलोच्या माणसाचं वजन १२ किलोने उतरावं तसं हे झालं. पक्ष्याच्या वजनात दहा टक्के घट झाली तरी डॉक्टरांना दाखवावं, असं मी मानते, आणि तुमचा पिकू त्या रेषेच्या खूप पुढे गेला आहे. म्हणून पहिला सल्ला हाच, की पक्ष्यांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्याकडे एक-दोन दिवसांत न्या. वेळ घेतानाच विचारा, तुम्ही पोपट आणि कॉकटील तपासता ना? कुत्र्यामांजरांचे उत्तम डॉक्टरही पक्ष्यांच्या बाबतीत अनेकदा स्वतःच दुसऱ्याचं नाव सुचवतात, आणि ते योग्यच असतं.

वजन उतरणं हे लक्षण आहे. त्यामागचा रोग तसाच राहिला तर वरून कितीही घाला, अंगी लागणार नाही. पोटात बुरशीसारखा जंतू असेल, यकृत थकलेलं असेल, चोचीत किंवा घशात दुखत असेल, पिंजऱ्याच्या तारेतलं जस्त पोटात गेलं असेल, तर शेंगदाण्याने त्यातलं काहीच बरं होत नाही. उलट थकलेल्या यकृतावर चरबीचा आणखी भार पडतो.

आता वाटीचं बघू, कारण तुमच्या पत्रातली मला सगळ्यात खटकलेली गोष्ट तीच आहे. ‘वाटी कायम भरलेली असते’ असं तुम्ही लिहिलंत. पोपटाच्या जातीचे पक्षी बी सोलून खातात. चोचीत बी फिरवतात, जिभेने गर काढून घेतात आणि टरफल तिथल्या तिथे टाकतात. ती टरफलं वाटीतच साचतात. वरून पाहिलं तर वाटी काठोकाठ भरलेली आणि आत खायला काही नाही, असं सर्रास होतं. वाटी घराबाहेर नेऊन वरून हलकेच फुंकर मारा. किती उडून गेलं आणि खाली किती उरलं ते बघा. मग सलग काही दिवस सकाळी बिया काट्यावर मोजून घाला आणि संध्याकाळी टरफलं उडवून उरलेल्या बिया पुन्हा मोजा. टरफलांचं वजन धरता हिशोब तंतोतंत येणार नाही, पण वाटीतून खरंच काही जातंय की नाही ते कळेल. डॉक्टरांनाही हे आकडे उपयोगी पडतील.

याची दुसरी बाजूही आहे. काही आजारी पक्षी वाटीवर बसून राहतात, बी उचलतात, चावतात आणि सोडून देतात. लांबून पाहणाऱ्याला वाटतं, खातोय की! म्हणून तळाशी पडलेल्या बिया निरखून बघा. सोललेल्या पण न गिळलेल्या, कुरतडून टाकलेल्या बिया दिसल्या तर तसं डॉक्टरांना सांगा. गिळताना त्रास, चोचीचं दुखणं, मळमळ, यांपैकी काहीतरी असू शकतं.

आणि आता किकी. ती आल्यानंतरच पिकू उतरू लागला का, हे तुम्हाला नेमकं आठवत नसेल, कारण मधल्या काळात वजन घेतलेलं नाही. पण योगायोग म्हणून सोडून देण्यासारखी ही गोष्ट नाही. तिच्यामुळे तीन गोष्टी होऊ शकतात.

एक म्हणजे ती त्याला खाऊ देत नसेल. माद्याही दांडगाई करतात. उघड भांडण दिसलंच पाहिजे असं नाही. एक पक्षी वाटीजवळ आला की दुसरा मुकाट्याने बाजूला सरकतो, एवढंच घडतं. खोलीत कोणी नसताना मोबाइल पिंजऱ्याकडे रोखून अर्धा-पाऊण तास व्हिडिओ करा, सकाळच्या खाण्याच्या वेळी. तुम्ही समोर असताना जे दिसत नाही ते त्यात दिसेल.

दुसरं, तोच तिला भरवत असेल. जोडी जमली की नर खाल्लेलं अन्न गळ्याखालच्या पिशवीतून वर आणून मादीच्या चोचीत घालतो. हे प्रेमाचं लक्षण आहे, पण आधीच अशक्त असलेल्या नराला ते महागात पडतं. भरवणं आणि उलटी यांतला फरक ओळखायला शिका. भरवताना पक्षी मान खालीवर हलवत, मादीकडे, आरशाकडे किंवा आवडत्या खेळण्याकडे तोंड करून अन्न वर आणतो आणि अन्न एका जागी पडतं. उलटी होते तेव्हा तो डोकं झटकतो, बिया आजूबाजूला उडतात, आणि डोक्यावरची, गालावरची पिसं चिकट होऊन बसतात. तुऱ्याखालची पिसं चिकटलेली दिसली तर ती उलटीच समजा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.

तिसरं कारण मला जास्त काळजीचं वाटतं. नवा पक्षी स्वतः ठणठणीत दिसत असूनही रोग घेऊन येऊ शकतो. म्हणूनच नव्या पक्ष्याला निदान महिनाभर वेगळ्या खोलीत ठेवावं आणि तपासून मगच जुन्याशेजारी आणावं असं सांगतात. ती वेळ आता गेली, त्याबद्दल स्वतःला दोष देत बसू नका. पण डॉक्टरांकडे दोघांनाही न्या. फक्त पिकूवर उपचार केले आणि किकीतून पुन्हा लागण झाली तर सगळं पहिल्यापासून सुरू होईल.

डॉक्टर कशाकशाचा विचार करतील ते थोडं सांगते, म्हणजे तपासण्यांची नावं ऐकून घाबरायला होणार नाही. कॉकटील आणि बजरीगर (हाही एक छोटा पोपट) यांच्या जठरात मॅक्रोरॅब्डस नावाचा बुरशीच्या जातीचा जंतू वाढतो. अशा पक्ष्याला भूक चांगली असते, तो सारखा खाताना दिसतो, तरी झिजत जातो, आणि विष्ठेत न पचलेल्या बिया तशाच पडतात. तुमच्या वर्णनाशी हे बरंच जुळतं, पण घरबसल्या निदान करण्याची ही गोष्ट नव्हे. ताजी विष्ठा सूक्ष्मदर्शकाखाली पाहून तो सापडू शकतो, मात्र एका नमुन्यात दिसला नाही तर पुन्हा तपासावं लागतं. जिआर्डिया हा परजीवी कॉकटीलमध्ये आढळतो. त्यात वजन उतरतं, अंगाला खाज सुटते आणि पक्षी पिसं उपटू लागतो. बोर्ना विषाणूमुळे जठराच्या नसांना इजा होते, अन्न पुढे सरकत नाही आणि तिथेही अख्ख्या बिया बाहेर पडतात. शिसं किंवा जस्त पोटात गेलं असेल तर क्ष-किरणांत धातूचा कण दिसू शकतो, रक्तातूनही कळतं.

सिटाकोसिसचं नाव मात्र वेगळं घ्यायला हवं, कारण तो पक्ष्यांकडून माणसाला होतो. क्लॅमिडिया जातीच्या जिवाणूमुळे होणारा हा आजार कॉकटीलमध्ये बऱ्याचदा लक्षणांशिवाय दडून असतो. विष्ठेतला पांढरा भाग पोपटी हिरवा होणं, डोळ्यांतून किंवा नाकातून पाणी, मरगळ, वजन घटणं ही त्याची चिन्हं. पिंजरा साफ करताना सुकलेली विष्ठा कधीही खरवडून उडवू नका. आधी पाण्याने ओली करा, मग पुसा, आणि हात साबणाने धुवा. तपासणीचा निकाल येईपर्यंत तोंडाला मास्क लावा. घरात कोणाला ताप, कोरडा खोकला, जोराची डोकेदुखी असेल तर त्यांच्या डॉक्टरांना घरात पक्षी आहे आणि तो आजारी आहे हे आवर्जून सांगा. औषधाने हा आजार बरा होतो, फक्त कोर्स लांबलचक असतो, बहुधा ४५ दिवसांचा, आणि मधेच सोडून चालत नाही.

डॉक्टरांकडे जाताना पिंजऱ्यातला कागद साफ करून टाकू नका. आदल्या रात्री तळाला साधा पांढरा कागद घाला आणि सकाळी त्यावरच्या विष्ठेचे फोटो काढा. निरोगी विष्ठेत तीन गोष्टी ओळखता येतात: हिरवट किंवा तपकिरी घट्ट भाग, पांढरी टोपी आणि भोवती थोडं पाणी. विष्ठा फार थोडी, गडद हिरवी किंवा काळपट, चिकट असेल तर पोटात अन्न जात नाहीये, हे समजा. ही खूण मी सगळ्यात मोठी मानते. वाटी फसवते, पक्षी फसवतो, विष्ठा फसवत नाही.

काही गोष्टी दिसल्या तर उद्याची वाट पाहू नका. पिकू दांडी सोडून पिंजऱ्याच्या तळाशी बसला, पिसं फुगवून डोळे मिटून राहिला, श्वासाबरोबर शेपटी वरखाली होऊ लागली, उलट्या झाल्या, किंवा पूर्ण दिवस काहीच पोटात गेलं नाही, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. एवढ्या लहान जिवाकडे साठा फारसा नसतो.

दवाखान्यात जाईपर्यंत घरी एक गोष्ट निश्चित करता येते, ती म्हणजे ऊब. पक्ष्याच्या शरीराचं तापमान आपल्यापेक्षा जास्त, ४० अंश सेल्सियसच्या वरच असतं, आणि अंगावर मांस नसेल तर खाल्लेलं बरंचसं अन्न नुसतं ऊब टिकवण्यात खर्ची पडतं. आजारी पक्ष्याला २९ ते ३२ अंशांची हवा मानवते. छोट्या पिंजऱ्याच्या एका बाजूला बाहेरून गरम पाण्याची पिशवी किंवा पक्ष्यांसाठीचा उबदार दिवा लावा, तीन बाजू कापडाने झाका आणि आत थर्मामीटर ठेवा. दुसरी बाजू थंड राहिली पाहिजे, म्हणजे त्याला नको वाटलं तर सरकता येईल. चोच उघडी ठेवून धापा टाकू लागला, पंख अंगापासून लांब धरले, तर ऊब जास्त झाली आहे. धूर किंवा वास येणारी कुठलीही शेगडी तिथे नको. नॉनस्टिक भांडं रिकामं तापलं की त्यातून निघणारी वाफ पक्ष्यांच्या फुप्फुसांना जीवघेणी ठरते, हेही या निमित्ताने लक्षात ठेवा.

आता सिरिंज. याबद्दल मी ठाम आहे: कोणी पक्ष्यांच्या डॉक्टरांनी समोर बसवून शिकवल्याशिवाय पिकूच्या तोंडात सिरिंजने काहीही घालू नका. पक्ष्याची श्वासनलिका जिभेच्या मुळाशीच उघडते. धडपडणाऱ्या पक्ष्याच्या तोंडात पातळ खाद्य ढकललं की ते थेट फुप्फुसात जाऊ शकतं आणि पक्षी तिथल्या तिथे किंवा दोन-चार दिवसांनी न्यूमोनियाने दगावतो. शिवाय खाद्याच्या तापमानाचा प्रश्न असतो. ते ३९ ते ४१ अंशांच्या दरम्यान असावं लागतं. थंड असेल तर गळ्याखालच्या पिशवीतच साचून आंबतं, आणि ४३ अंशांच्या वर गेलं तर पिशवी भाजण्याची भीती. मायक्रोवेव्हमध्ये गरम केलेल्या खाद्यात मधेमधे चटका देणारे भाग राहतात, वरून हात लावून ते कळत नाही. आणखी एक. बरेच दिवस उपाशी राहिलेल्या शरीरात एकदम भरपूर अन्न ढकललं तर रक्तातल्या क्षारांचं गणित बिघडतं आणि जिवावर बेततं. म्हणून फारच खंगलेल्या पक्ष्याला डॉक्टरसुद्धा थोडं थोडं, वाढवत वाढवत भरवतात. तेच पातळ खाद्य चमच्यात धरून पुढे केलं आणि पिकूने आपणहून चाखलं तर मात्र हरकत नाही. आपणहून खाल्लेल्या घासाला धोका कमी आणि पक्ष्याचा तुमच्यावरचा विश्वासही शाबूत राहतो.

पेलेटचंही तसंच. पेलेट चांगलं अन्न आहे आणि पिकूला कधीतरी तिथवर आणायचंच आहे. पण ७४ ग्रॅमच्या पक्ष्याचं रोजचं अन्न एकाएकी बंद करायचं नाही. काही कॉकटीलना पेलेट हे अन्न आहे हेच कळत नाही, आणि समोर पेलेटने भरलेली वाटी असून ते उपाशी राहतात. ‘भूक लागली की खाईल’ हे पक्ष्याच्या बाबतीत खरं नाही. आधी वजन सावरू द्या.

तर मग घालायचं काय? डॉक्टरांनी तपासून खाण्यावर बंधन घातलेलं नाही असं धरून सांगते. त्याच्या ओळखीच्या बिया चालू राहू द्या, फक्त त्यांत सूर्यफुलाचा वाटा हळूहळू कमी करून बारीक बियांचा वाढवा. सूर्यफुलाच्या गरात निम्म्याच्या आसपास चरबी असते. कॅल्शियम फारच थोडं, अ जीवनसत्त्व जवळजवळ नाहीच, आणि स्नायू बांधायला लागणारं लायसिन हे अमिनो आम्लही अपुरं. केवळ त्यावर वाढलेल्या पक्ष्याच्या पोटावर पिवळट चरबी धरते आणि छाती मात्र वाळलेलीच राहते. पिकूच्या छातीवर हवं आहे ते मांस, उडण्याचा स्नायू. त्यासाठी प्रथिनं लागतात.

उकडून कडक केलेल्या अंड्याचा चुरा, नखाएवढा, आठवड्यातून दोन-तीनदा. नीट मऊ शिजवलेली कडधान्यं आणि भात, मीठ-मसाला काही नाही. कच्चं किंवा अर्धवट शिजलेलं कडधान्य नको, त्यात पक्ष्याला बाधणारी द्रव्यं असतात. मोड आलेल्या बारीक बिया पुष्कळ कॉकटीलना आवडतात, कारण ओळखीच्या बीचाच तो कोवळा अवतार असतो. मोड रोज दोन-तीनदा धुवा, आंबूस वास आला की सरळ फेकून द्या. वाफवलेलं रताळं, गाजर, लाल भोपळा आणि गडद हिरव्या पालेभाज्या यांतून अ जीवनसत्त्वाची भर पडते. बदाम किंवा अक्रोडाचा वाटाण्याएवढा तुकडा हातातून, बक्षीस म्हणून द्या. राळ्याचं कणीस मात्र आजारी पक्ष्याला मी नेहमी द्यायला सांगते. त्यात पोषण फार नसलं तरी ज्याची खायची इच्छाच मेली आहे असा पक्षीही पुष्कळदा कणसाला चोच लावतो, आणि एकदा चोच चालू लागली की बाकीचं सोपं जातं. ओला पदार्थ दोन तासांनी काढून घ्या, गरम हवेत त्याहूनही आधी.

शेंगदाणे टाळाच. साठवणीत त्यांच्यावर बुरशी धरते आणि तिचं विष यकृतावर जातं. पिकूचं यकृत कसं आहे हे अजून आपल्याला ठाऊक नाही. लोण्याची गरजच नाही. पक्ष्यांना दुधातली साखर नीट पचत नाही आणि नुसत्या चरबीने छातीचा स्नायू भरत नाही. ॲव्होकाडो, चॉकलेट, चहा-कॉफी, कांदा, लसूण, खारवलेले पदार्थ, सफरचंदाच्या बिया हे कधीच नको. पाण्यात जीवनसत्त्वाचे थेंब टाकू नका. चव बदलली की पक्षी पाणी कमी पितो आणि त्या पाण्यात जंतू झपाट्याने वाढतात. माणसांचं किंवा कोणी दिलेलं अँटिबायोटिकही नको. चुकीचं औषध गेलं की खरा जंतू तपासणीत सापडेनासा होतो.

काय घालावं यापेक्षा कसं घालावं यावर कॉकटील पुष्कळदा खातो किंवा खात नाही. हा थव्याचा पक्षी आहे, सोबतीने खातो. तुमच्या नाश्त्याच्या वेळी त्याचा पिंजरा टेबलाजवळ आणा, त्याच्यासमोर गाजराचा तुकडा स्वतः खा, मग दुसरा त्याच्यापुढे धरा. नवा पदार्थ पहिल्या दिवशी खाल्ला नाही म्हणून सोडून देऊ नका. काही पक्षी तो रोज फक्त बघतात, मग एक दिवस उचलून टाकतात, आणि पुढे कधीतरी चाखतात. वाट्या उंचावर, त्याच्या आवडत्या दांडीजवळ लावा. अशक्त पक्ष्याला खाली-वर करायला लावू नये. सकाळी उजाडल्यावर आणि मावळतीला त्याला जास्त भूक असते, तेव्हा चांगलं अन्न ताजं असू द्या. रात्री दहा-बारा तास सलग अंधार आणि शांतता द्या. टीव्हीच्या खोलीत जागरण करणारा पक्षी सावरत नाही.

वजनाची वही आजच सुरू करा. रोज एकाच वेळी, सकाळची पहिली मोठी विष्ठा पडल्यावर आणि पहिल्या घासाआधी वजन घ्या. काटा एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा असला तरी चालेल, दशांश दाखवणारा असेल तर उत्तम. काट्यावर छोटी दांडी किंवा उथळ डबा ठेवून काटा शून्यावर आणा, कणसाचा एक दाणा दाखवा, पिकू चढेल. एक-दोन ग्रॅमची रोजची चढउतार खाण्यापिण्याची असते, तिला घाबरू नका. आठवड्याचा कल बघा. आठवड्याला एक-दोन ग्रॅम चढले तरी मला समाधान वाटेल. चार दिवसांत आठ ग्रॅम चढले तर आनंद करण्याआधी डॉक्टरांना विचारा, कारण पोटात पाणी साठल्यानेही काटा वर जातो. आणि सलग तीन दिवस उतरता आकडा दिसला तर तेव्हाही विचारा.

९२ हेच ध्येय धरून बसू नका. पूर्ण वाढलेला कॉकटील साधारण ८० ते १०० ग्रॅमचा असतो, पण बारीक चणीचा ८२ ग्रॅमचा पक्षी धट्टाकट्टा असू शकतो आणि थोराड हाडाचा ९५ ग्रॅमचा अशक्त. त्यामुळे काट्याइतकाच बोटांवर विश्वास ठेवा. आठवड्यातून एकदा, त्याला न आवळता, छातीच्या मधल्या हाडाच्या दोन्ही बाजूंनी बोट फिरवा. आज दोन्हीकडे खोलगट लागत असेल आणि हाडाची कड टोचत असेल. खोलगटपणा भरून छाती दोन्हीकडे गोलसर लागू लागली, हाड बोटाला नुसतं जाणवतं पण टोचत नाही, तर तो योग्य वजनावर आला. मांस हाडाच्या वर आलं आणि हाड सापडेनासं झालं तर ते जास्त झालं. कसं चाचपायचं ते पहिल्या भेटीत डॉक्टरांकडून करून बघा, तुमचं बोट लगेच तयार होईल.

तो खाऊ लागला, वजन दोन-तीन आठवडे स्थिरपणे चढलं की उडण्याकडे वळा. छातीचा स्नायू उडण्याने भरतो, नुसत्या खाण्याने नाही. बंद खोलीत, पंखे बंद, आरसे आणि काचा झाकून, त्याला दांडीवरून तुमच्या हातापर्यंत एवढ्याच छोट्या फेऱ्या मारू द्या. पंखांची पिसं कापलेली असतील तर ती नव्याने येईपर्यंत चढण्याचे, पंख फडफडवण्याचे खेळ पुरेत. पिसं गळून नवी येण्याच्या काळात पक्ष्याला जास्त प्रथिनं लागतात, त्या दिवसांत अंड्याचा चुरा थोडा वाढवा. आणि मग, त्यानंतरच, पेलेट. आधी भुगा करून ओल्या भाजीवर भुरभुरा, नंतर बियांत मिसळा, आठवड्याआठवड्याने प्रमाण वाढवा. यात महिने गेले तरी चालतील. वजन घसरू लागलं की एक पायरी मागे या.

किकीला आजच दुसऱ्या पिंजऱ्यात, शक्य असेल तर दुसऱ्या खोलीत हलवा. एकमेकांचा आवाज ऐकू आला तरी त्यांना पुरतं. वाट्या, दांड्या, साफसफाईचं फडकं वेगळं ठेवा. आधी तिचं करा, मग पिकूचं, मधे हात धुवा. ती वेगळी झाली की पिकूने किती खाल्लं आणि कोणाची विष्ठा कशी आहे हे नेमकं कळेल, अर्धा गोंधळ त्यानेच मिटेल. ती एखाद्या कोपऱ्यात अंडी घालायची तयारी करत असेल, कागद कुरतडत बसत असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा. वारंवार अंडी घालणाऱ्या मादीचं कॅल्शियम खालावतं, म्हणजे तिलाही जपावं लागेल. दोघांच्या तपासण्या होऊन डॉक्टरांनी हिरवा कंदील दाखवल्यावर त्यांना पुन्हा एकत्र आणा, तेव्हा खाण्याच्या दोन जागा पिंजऱ्याच्या दोन टोकांना ठेवा आणि पहिले पंधरा दिवस पिकूचं वजन एकही सकाळ न चुकवता घ्या.